जुने बूट द्या, नवे घ्या

पाहुणे येणार असले की दवाखान्याचा संडास धुतला जायचा. एरवी वर्षभर तिकडे कुणी ढुंकून पाहायचं नाही, पण परदेशातून ती वीस-पंचवीस माणसं दहा दिवसांसाठी यायची ठरली की डॉक्टरांच्या अंगात वारं भरायचं. भिंतींना रंग लागायचा, खिडक्यांना पडदे लागायचे, शिपाई आवारातली कुत्री हाकलत फिरायचा. प्लास्टरबाई हे सगळं आपल्या खोलीच्या दारातून बघायची आणि मनातल्या मनात चार शिव्या हासडायची. तिच्या खोलीतला नळ दोन वर्षं गळत होता. त्याची दुरुस्ती काही व्हायची नाही, कारण पाहुणे त्या खोलीत फारसे फिरकायचे नाहीत. तिथे पोरं रडायची.

हजेरीपटावर तिचं नाव होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. सगळ्यांसाठी ती प्लास्टरबाईच. एकोणीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. काही मुलं पावलं आत वळलेली घेऊनच जन्माला येतात. तळवा आत, टाच वर ओढलेली. अशा तान्ह्या पोरांची पावलं हाताने हळूहळू वळवायची, आज जेवढी वळतील तेवढीच, आणि तिथेच प्लास्टरमध्ये बसवायची. आठवड्याने प्लास्टर भिजवून सोडवायचं, पाऊल आणखी थोडं वळवायचं आणि नवं घालायचं. सहा-सात बुधवार असे गेले, डॉक्टरांनी टाचेमागे बारीकशी चीर दिली, की पाऊल सरळ. लोकांना तो चमत्कार वाटायचा. बाईला तो बुधवार वाटायचा.

आणि इथेच सगळे फसतात, असं ती प्रत्येक आईला बजावायची. पाऊल सरळ दिसतं, पण मुकाट्याने सरळ राहत नाही. म्हणून प्लास्टर संपलं की एका लोखंडी पट्टीच्या दोन टोकांना जोडलेले दोन छोटे बूट पोराच्या पायात घालायचे. पहिले तीन महिने रात्रंदिवस, मग फक्त झोपेत, पण पोर चार वर्षांचं होईपर्यंत रोज. एवढं केलं तर पोर धावेल. कंटाळा केला तर पाऊल गुपचूप पुन्हा आत वळेल. पट्टी गावातला वेल्डिंगवाला करून द्यायचा. बूट मात्र शहरातला एक म्हातारा कारागीर शिवायचा, महिन्याला दोन-तीन जोड, त्याहून जास्त त्याच्या डोळ्यांना झेपत नव्हतं.

प्लास्टरला आया तयार व्हायच्या. पट्टीला नाही. पोर रडतं, कूस बदलता येत नाही, शेजारणी येऊन विचारतात, या बेड्या कशाला घातल्या गं? बाई संध्याकाळी घरोघर जाऊन बघायची, नाड्या घट्ट आहेत की नुसत्या दाखवायला बांधल्यात. ज्या घरात पट्टी कोनाड्यात धूळ खाताना दिसायची तिथे ती असा तोंडाचा पट्टा सोडायची की सासू आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही. तिने जिवाचं रान केलं होतं म्हणून त्या वर्षी नऊ पोरं पट्टीत नीट झोपत होती.

त्या नऊ पोरांतली एक भिंगरी. बाईच्या बहिणीची नात. बहीण लवकर गेली, तिची मुलगी बाईनेच वाढवली, तिचं लग्न लावून दिलं, आणि तिला पहिली मुलगी झाली तीच डावं पाऊल आत वळलेली. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यात बाईने स्वतःच्या हाताने पहिलं प्लास्टर घातलं. पायात पट्टी असूनही पोर पोटावर गोल गोल फिरायची, म्हणून भिंगरी. चौदाव्या महिन्यात ती भिंतीला धरून उभी राहिली, दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकवून. बाई एकोणीस वर्षांत कामावर कधी रडली नव्हती, त्या दिवशी घरी जाऊन रडली.

त्याच महिन्यात पाहुणे आले.

दरवर्षी पाहुणे काय हवं ते विचारायचे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाईने सहा महिने आधी यादी दिली होती: प्लास्टरचे रोल, कापूस, पट्टीचे बूट. यादी कुठे गेली ते देवाला ठाऊक. खोकी उघडली तर आत चारशे जोड बूट. रंगीत, टाच आपटली की लाल दिवा लागणारे. सगळ्या पाहुण्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट होते आणि त्यावर त्यांच्या भाषेत काहीतरी लिहिलं होतं. शाळेतले मास्तर दुभाषाचं काम करायचे, त्यांनी वाचून सांगितलं, 'एक पाऊल प्रेमाचं'. पाहुणे प्रत्येक मुलाचे पाय स्वतः धुणार, पुसणार, आणि स्वतःच्या हाताने बूट घालणार होते. फोटोवालाही सोबत आणला होता.

मागच्या वर्षी काही पोरं दोन-दोनदा रांगेत उभी राहिली होती म्हणे. म्हणून यंदा पाहुण्यांनी नियम केला आणि तो कापडावर लिहून फाटकाला टांगला: जुने बूट द्या, नवे घ्या. यापेक्षा येडा नियम बाईने आयुष्यात ऐकला नव्हता. ज्या पोरांनी कधी चप्पल पाहिली नव्हती त्यांच्या आया शेजारीपाजारी फाटक्या चपला मागत फिरल्या. म्हणजे अनवाणी पोराला बूट मिळायचे तर आधी ते अनवाणी नाही हे सिद्ध करायचं. बाईने हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांचा प्रश्न आहे, गोड बोलून घ्या, आणि तिला मागच्या बाजूला पाणी तापवायला बसवलं.

दिवसभर तिने पाणी तापवलं. मोठी पातेली चुलाण्यावर चढव, कोमट कर, बादल्या भरून पुढे पाठव. पुढे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, फक्त टाळ्या ऐकू येत होत्या. नऊ पट्टीवाल्या पोरांची पावलं धुवायचं पाणी तिनेच दिलं, हे नंतर तिला आयुष्यभर खात राहिलं.

संध्याकाळी ती भाचीकडे गेली. भिंगरी दाराला धरून उभी होती आणि टाचा आपटून दिवे लावत होती. भाचीचा चेहरा फुलला होता. बाईने नेहमीप्रमाणे कोनाड्याकडे पाहिलं. कोनाडा रिकामा.

"पट्टी कुठे आहे?"

"दिली," भाची म्हणाली. "जुने बूट द्यायचे होते ना. हिच्याकडे दुसरे कुठले आहेत?"

मग तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात जो सुटकेचा आनंद होता तो बाईच्या काळजात खुपला. तांबड्या केसांच्या एका पाहुणीने भिंगरीला मांडीवर घेतलं. पाय धुतले, पावलाचा मुका घेतला. मग पिशवीतली पट्टी बाहेर काढली आणि मास्तरांना विचारलं, हे काय? मास्तर घाईत होते, मागे दोनशे माणसं उभी होती. ते म्हणाले, झोपताना पोरीचे पाय यात बांधतात. एवढंच. पाहुणीला वाटलं, आई कामात असताना पोर कुठे जाऊ नये म्हणून तिला जखडून ठेवतात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ती पट्टी जुन्या चपलांच्या पोत्यात स्वतःच्या हाताने टाकली आणि भाचीचे दोन्ही हात धरून सांगितलं, हिला पुन्हा कधी बांधू नकोस, हिचे पाय किती सुंदर आहेत. त्याचाही फोटो काढला. तिने आपल्या माणसांना हाका मारून सांगितलं, आणि मग पट्टी दिसेल त्या पोराची पट्टी पोत्यात गेली.

बाई तशीच उलट्या पावली निघाली. पोती दवाखान्यात नव्हती. जुन्या चपलांमधून रोग पसरतो म्हणून पाहुण्यांनी ती गावाबाहेर कचऱ्याच्या खड्ड्यात नेऊन जाळली होती. काम चोख. राखेत हात घालून तिने सहा लोखंडी पट्ट्या शोधून काढल्या, बाकीच्या तीन सापडल्याच नाहीत. त्यावरचे बूट जळून चिकटले होते. म्हातारा कारागीर नऊ जोड शिवायला निदान तीन-चार महिने घेणार होता. बाई तिथेच कचऱ्याच्या कडेला बसली आणि तिने पाहुण्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मोठ्याने, कारण तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. खरंच लावला, त्यांनाही वाईट वाटलं. पण पाहुण्यांना सांगायला ते तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम होता, छप्पर बदलून द्यायचं पाहुण्यांनी कबूल केलं होतं.

"त्यांचा हेतू चांगला होता, बाई."

"हेतू पायात घालून पोरं झोपणार आहेत का?" बाई म्हणाली. डॉक्टरांनी दुसऱ्या कागदात डोकं घातलं.

बूट येईपर्यंत पुन्हा प्लास्टर घालून पावलं धरून ठेवता आली असती. बाईने नऊ घरांचे उंबरे झिजवले. पाच आया आल्या. चौघी आल्या नाहीत, आणि त्यात तिची स्वतःची भाची होती. बाईला हे सगळ्यात जास्त लागलं. जिला न्हाऊमाखू घालून वाढवलं तिने तोंडावर सांगितलं, मावशी, ती माणसं एवढ्या लांबून आली, शिकलेली आहेत, त्यांना कळत नसेल का? पोरगी उभी राहते आहे, पाय सरळ आहेत, तू कशाला मागे लागतेस? एक वर्षभर रात्र-रात्र रडणारं पोर सांभाळून थकलेल्या मुलीला कुणीतरी गोऱ्यागोमट्या हातांनी सुट्टी दिली होती. बाई एकोणीस वर्षं इथे होती, पाहुणे दहा दिवस. तरी त्यांचा शब्द वर आणि हिचा खाली. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती रागाने दोन महिने भाचीच्या घरी गेली नाही, आणि ही मात्र तिची चूक होती, तीही तिने स्वतःला कधी माफ केली नाही.

तिसऱ्या महिन्यात भाची आपणहून आली. भिंगरी डाव्या पावलाच्या कडेवर चालत होती. दिव्याचा बूट बाहेरच्या बाजूने घासून फाटला होता आणि दिवा आता लागत नव्हता. भाची नुसती पोरीला टेबलावर बसवून उभी राहिली. बाईने तिला काही सुनावलं नाही. सुनावायला तिच्याकडे खूप होतं, पण भाचीचा चेहरा पाहून तिने सरळ पोरीचं पाऊल हातात घेतलं.

तान्ह्या पोराचं पाऊल लोण्यासारखं वळतं. चालत्या पोराचं तसं वळत नाही. पहिल्या खेपेची प्लास्टरं वाया गेली, कातडी सोलली, मध्ये थांबावं लागलं. नंतर भिंगरीला ताप आला, मग प्लास्टरचे रोल संपले, मग आले. असं करता करता वर्ष होत आलं. डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं: आता आणखी एक खेप, सहा बुधवार, नीट. यात पाऊल आलं तर आलं. नाही आलं तर शहरात नेऊन मोठी शस्त्रक्रिया, हाडं कापावी लागतील, आणि पाऊल जन्मभर आखडलेलं राहील. बाईने मनाशी ठरवलं की या सहा बुधवारी मेले तरी सुट्टी घेणार नाही.

तिसरा बुधवार आला तेव्हा पाहुणे येऊन आठवडा झाला होता. संडास पुन्हा धुतला होता.

यंदा त्यांना दवाखान्याचं काम जवळून बघायचं होतं. दहा-बारा पिवळे टी-शर्ट प्लास्टरच्या खोलीत शिरले, मागे डॉक्टर, मागे मास्तर. भिंगरी टेबलावर बसलेली होती, पाय उघडा, भाची शेजारी उभी, बाई बादलीत कोमट पाणी ओतत होती. तांबड्या केसांच्या पाहुणीने भिंगरीला ओळखलं. तिच्या तोंडून आनंदाचा आवाज निघाला, तिने खिशातून मोबाइल काढून सगळ्यांना मागच्या वर्षीचा फोटो दाखवला, मग भिंगरीच्या गालाला हात लावला. मग तिची नजर पावलावर गेली. तिने मास्तरांना काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, हिला काय झालं," मास्तर म्हणाले.

डॉक्टर मध्ये पडले. म्हणाले, जन्मजात आहे म्हणून सांगा. बाईने हातातली बादली खाली ठेवली.

"मास्तर, मी सांगते तसं सांगा. एक शब्द गाळलात तर बघा." मास्तर पुढे सरकले. "म्हणावं, हिचं पाऊल सरळ होतं. आम्ही केलं होतं. ते सरळ राहावं म्हणून जी पट्टी होती, ती तुम्ही पोत्यात टाकलीत आणि जाळलीत. नऊ पोरांची जाळलीत. चौघांची पावलं परत वळली. एक त्यातली ही."

मास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान खाली घातली. बापड्या मास्तरांनी शेवटी सांगितलं, हळू आवाजात, पण सगळं सांगितलं. पट्टीबद्दल तेव्हा घाईत मीच नीट बोललो नाही, हेही त्यांनी स्वतःच्या पदरचं जोडलं असावं, कारण बोलताना ते स्वतःच्या छातीला हात लावत होते. बाईला मास्तरांबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

पाहुणी पांढरीफटक पडली. मग ती रडायला लागली. तशा त्यांच्या दोघी-तिघी तिच्या गळ्यात पडल्या, एकीने तिची पाठ चोळली, एकाने बाटलीतलं पाणी दिलं, शिपाई धावत जाऊन खुर्ची घेऊन आला. बघता बघता अख्खी खोली तिची समजूत काढायला लागली. भिंगरी उघड्या पायाने टेबलावर तशीच बसली होती आणि बादलीतलं पाणी निवत होतं. बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथेही हीच मध्यभागी. पाय वळला पोरीचा आणि सांत्वन हिचं.

मी काय करू शकते, असं पाहुणी विचारत होती. मास्तरांनी सांगितलं. असं विचारणारी माणसं बाईला नवी नव्हती. पण या वेळी तिला खरंच एक माणूस हवा होता. तिची रोजची मदतनीस रजेवर होती, आणि भाची पोरीला मांडीवर दाबून धरायला लागत होती.

"हात धुवायला सांगा," बाई म्हणाली. "आणि इथे बसायला सांगा."

पाहुणीला तिने टेबलासमोर बसवलं. तिच्या एका हाताची बोटं भिंगरीच्या पावलाच्या पुढच्या भागावर ठेवली, अंगठा बाहेरच्या हाडावर दिला, दुसरा हात गुडघ्यावर. पाऊल दुखेल इतकं नाही, पण जेवढं येतं तेवढं बाहेर वळवून दाखवलं. म्हणावं, हे असं धरायचं. मी प्लास्टर गुंडाळणार, ते कडक होईपर्यंत पाऊल तसूभर हलू द्यायचं नाही. पोरगी किंचाळेल. किंचाळू दे. पाहुणीने मान हलवली.

भाचीने टेबलावर बसून पोरीला मांडीवर आवळून धरलं. भिंगरी किंचाळली. बाईने कापूस गुंडाळला, रोल पाण्यात बुडवून पिळला, बोटांपासून वर एकावर एक वेढे घातले. पाहुणीने घट्ट धरलं होतं, अगदी नीट, तिची बोटं जागची हलली नाहीत. क्षणभर बाईला वाटलं, या बाईच्या हातात काम आहे. हिला कुणी वेळेवर शिकवलं असतं तर. आणि तो विचार येताच तिचा राग थोडा खाली आला, म्हणून तिने साध्या आवाजात मास्तरांना सांगितलं:

"विचारा तिला, पुढच्या बुधवारी आठ वाजता येशील का. अजून तीन बुधवार आहेत. मदतनीस महिनाभर नाही. हिचा हात चांगला आहे."

मास्तरांनी विचारलं. पाहुणीचा चेहरा पडला. ती मास्तरांकडे न बघता सरळ बाईकडे बघून काहीतरी बोलली.

"शनिवारी त्यांचं विमान आहे," मास्तर म्हणाले.

आणि पाहुणीने माफी मागायला दोन्ही हात जोडले.

हात जोडले म्हणजे पावलावरून उचलले. भिंगरीने त्याच क्षणी पाय झटकला. ओल्या प्लास्टरमध्ये पाऊल होतं तसं आत वळून बसलं, आणि वरचे वेढे सुरकुतून फाटले.

पाहुणीचे हात अजून जोडलेलेच होते. बाईने कात्री घेतली, प्लास्टर उभं चिरलं आणि भिंगरीच्या पायावरून सोलून बादलीत टाकलं. कपाटात दोन रोल उरले होते, बाहेर बाकावर आणखी दोन पोरं थांबलेली होती. तिने एक रोल काढला.

तेवढ्यात भाची उठली. तिने मास्तरांना आपल्या जागी बसवलं, भिंगरीला त्यांच्या मांडीवर दिलं, गळक्या नळाखाली हात धुतले आणि खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"उठा," ती पाहुणीला म्हणाली. हे मास्तरांना सांगावं लागलं नाही.

पाहुणी उठली. भाची बसली आणि तिने आपल्या पोरीचं पाऊल हातात घेतलं. बोटं कुठे, अंगठा कुठे, हे बाईला दाखवावं लागलं नाही, ती इतके महिने बघत होती. मास्तरांनी पोरीला छातीशी आवळून धरलं. बाईने नवा रोल पाण्यात बुडवला.

"मावशी, घाल," भाची म्हणाली. "मी सोडत नाही."